सातव्या रकान्यातली येळवस

रेणुकादास लोहेकर गुरुजींच्या गल्लीत पाट्यांना तोटा नव्हता. लातुरात शिकवण्यांचा बाजार वाढत वाढत त्यांच्या दारापर्यंत आला, तेव्हा शेजारपाजारचे लोक घरं विकून नाहीतर वर मजले चढवून मोकळे झाले. समोर मुलींचं वसतिगृह आलं, डावीकडे झेरॉक्सचं दुकान आलं, उजवीकडे शिवकांताची मेस आली. मध्ये गुरुजींचं बैठं घर तेवढं राहिलं. जिथं भिंत दिसेल तिथं पाटी. 'मूलींचे होस्टेल', 'रुम भाड्याने देने आहे', 'फीजिक्सची हमखास तयारी'. गुरुजी सकाळी फिरायला निघताना सदऱ्याच्या खिशात खडू आणि काळा मार्कर ठेवत आणि 'देने'चं 'देणे' करून परत येत. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत तांबड्या शाईनं केलं, तेच आता भिंतींवर. त्यांना कधी कुणी अडवलं नाही, कारण त्यांच्याकडे कधी कुणी बघितलंच नाही.

ही सवय त्यांना जुनी होती. ज्या शहरात पोरं भौतिक-रसायन-जीवशास्त्राच्या मार्कांवर तोलली जातात, तिथं मराठीचा मास्तर म्हणजे पोह्यातलं कढीपत्त्याचं पान. घालतात सगळे, आणि ताटाच्या कडेला काढूनही ठेवतात सगळे. नोकरी होती तोवर निदान हजेरी घेताना तरी पोरं 'हजर' म्हणत. मग निवृत्ती आली, पत्नी प्रमोदिनीबाई गेल्या, आणि घरात 'हजर' म्हणणारं कुणी उरलं नाही. मुलगा यज्ञेश याच गल्लीतल्या शिकवण्यांतून तावून सुलाखून निघाला. आधी पुण्याला, मग बंगळुरूला, मग पार कॅनडात कॅलगरीला. दर रविवारी त्याचा फोन येई.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या. थंडी आहे का तिकडं?"

"आहे."

एवढं झालं की दोघंही फोन कानाला लावून दुसरा काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत. मग कुणीतरी एक जण 'बरं' म्हणे आणि रविवार संपे.

अशा अबोल माणसानं पुस्तक लिहिलं, त्याला कारण चतुराबाई.

गुरुजी मूळचे लोह्याचे, पण उमेदीची वर्षं गेली औशाच्या पलीकडं, लिंबवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत. भूकंपाच्या साली घरी अनंताचं व्रत होतं म्हणून ते बायकापोरासह लोह्याला गेले होते. इकडं गणपती बोळवून, दमून झोपलेली लिंबवाडी पहाटे दगडामातीखाली गेली. त्यांची भाड्याची खोलीही तिच्यात गेली. 'अनंतानं वाचवलं', असं प्रमोदिनीबाई जन्मभर म्हणत. गुरुजींना त्या वाक्याची लाज वाटे. जे गेले त्यांनी अनंताचं काय घोडं मारलं होतं?

उरलेलं गाव माळावरच्या पत्र्याच्या शेडांत जाऊन राहिलं. शाळाही पत्र्याखाली भरू लागली. प्रमोदिनीबाईंना त्याच सुमारास आजारी आईपाशी नांदेडला राहावं लागलं, म्हणून पहिलीतला यज्ञेश वर्षभर बापाबरोबर पत्र्याखाली राहिला. उन्हाळ्यात तो पत्रा माणसाला भाजून काढी. पावसाळ्यात असा वाजे की मांडीला मांडी लावून बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. शिकवणं बंद पडे. मग पोरं पाटीवर लिहून एकमेकांशी बोलत, आणि शाळा सुटल्यावर बिऱ्हाडात हे बापलेकही तसंच करत. 'भूक लागली.' 'भात होतोय.' पुसायचं आणि पुढचं लिहायचं. बापाला शुद्धलेखन तपासायची आयती सोय, आणि लेकाला बडबड करायची.

चतुराबाई त्याच शेडांत चार दारं सोडून राहायची. तिच्या घरातली सगळी माणसं मातीच्या माळवदाखाली गेली होती. एक तुळई तिरकी पडली म्हणून नात तेवढी वाचली. शिल्पा तिचं नाव, तीन वर्षांची. भूकंपानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी मार्गशीर्षातली अमावस्या आली. पंचांगात हिला दर्श वेळा अमावस्या म्हणतात. या दिवशी लातूरकडं गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आंबील शिंपडत 'होलगे होलगे' ओरडत रानाला फेरा मारायचा, आणि वाटेनं जो दिसेल त्याला दंडाला धरून जेवायला बसवायचं. त्या वर्षी शेडांत कुणाला घास गोड लागत नव्हता, तिथं सण कुणाला सुचणार? चतुराबाईनं मात्र तीन दगडांवर भज्जी शिजत घातली.

"म्हातारे, काय करायलीस हे?" कुणीतरी म्हणालं.

"माणसं गेली म्हून रानाला उपाशी ठिवू का?" ती म्हणाली.

कडबा जो काही उरला होता तो जनावरांनाच पुरत नव्हता. म्हातारीनं सरकारनं दिलेल्या पत्र्याची कोप केली. पत्र्याच्या कोपीत पांडव बसलेले लातूर जिल्ह्यानं तेवढ्याच वर्षी पाहिले असतील. जेवणं झाल्यावर शिल्पाला कडेवर घेऊन ती गुरुजींपुढं उभी राहिली. "गुरुजी, आमचं गाव कसं व्हतं ते ल्हून ठिवा. ह्या पोरीला न्हाई याद ऱ्हायाची. मी मेल्यावर हिला कोन सांगंल?"

"लिहितो, चतुराबाई," गुरुजी म्हणाले.

लिहिलं ते पंचवीस वर्षांनी. तोवर चतुराबाई नव्या गावठाणात वारली होती. शिल्पाला तिचा मामा बजरंग लहानपणीच पुण्याकडं घेऊन गेला होता आणि पुढं तोही कुठं गेला ते गावात कुणाला सांगता येईना. गुरुजी दोनदा लिंबवाडीला जाऊन विचारून आले. "असंल की कुठंतरी", यापलीकडं काही हाती लागलं नाही. ज्या पोरीसाठी पुस्तक, तिचाच पत्ता नाही. मग त्यांनी ठरवलं की आपण पोरीला शोधायचं सोडून द्यावं आणि पोरीनं पुस्तक शोधावं अशी व्यवस्था करावी.

पुस्तकाचं नाव 'पत्र्याखालची शाळा'. लिंबवाडीच्या सगळ्या आळ्या त्यात होत्या, कुणाच्या दारात कसलं झाड ते होतं, माणसांची टोपणनावं होती. गुरुजींच्या घरच्यांविषयी मात्र एक अक्षर नव्हतं. दुसऱ्यांच्या दुःखात आपली टिमकी वाजवू नये, हा त्यांचा बाणा. तो त्यांनी इतका कसोशीनं पाळला की वेळा अमावस्येच्या प्रकरणात एक वाक्य असं आलं: 'चतुराबाईंनी रानाला फेरा मारला तेव्हा आंबिलीचे मडके एका मुलाने धरले होते.'

नांदेडच्या एका प्रकाशकानं हस्तलिखित बरेच महिने ठेवून घेतलं आणि परत करताना 'भूकंपाला आता कोण विचारतंय' म्हणाला. गुरुजी चिडले आणि त्याच चिडीत मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून स्वतःच पुस्तक इंटरनेटवर चढवायला शिकले. यज्ञेशला यातलं काही सांगितलं नाही. मागं एकदा तो बोलता बोलता म्हणाला होता, "मराठी वाचायला आता वेळ लागतो हो मला." हसत म्हणाला होता. गुरुजींनी ते मनात धरून ठेवलं होतं.

संकेतस्थळावर पुस्तक चढवताना शेवटी एक पान यायचं. त्यात सात रकाने. प्रत्येकात एक शब्द, फार तर दोन-तीन शब्द. वाचक पुस्तक शोधताना जे टाइप करेल असं तुम्हाला वाटतं ते इथं लिहा, अशी सूचना. व्हिडिओतला मुलगा यांना कीवर्ड म्हणत होता. गुरुजींनी 'शोधशब्द' असा शब्द पाडला आणि त्या आनंदात रकाने भरायला घेतले: मराठवाडा, ग्रामजीवन, भूकंपोत्तर पुनर्वसन, लोकसंस्कृती, शैक्षणिक स्मृतिकथन, आत्मनिवेदन, आणि सातव्यात दर्श वेळा अमावस्या. एकाही शब्दात ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. असले शब्द कुणी जिवंत माणूस कधी बोलतो का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नाही.

विक्री दाखवणारा एक आलेख असे. गुरुजी आंघोळ झाली की देवपूजेच्या आधी तो उघडत. रेघ तळाला चिकटून सरळ जाई. आठवडा गेला, पंधरवडा गेला. त्यांनी स्वतः 'लोकसंस्कृती' टाइप करून पाहिलं तर शेकडो पुस्तकं आली आणि त्यांचं कुठल्या कुठं. पुस्तकाचं पूर्ण नाव टाइप केलं की मात्र लगेच येई. पण नाव फक्त त्यांनाच माहीत होतं. शिल्पाला आपल्यासाठी लिहिलेलं पुस्तक कुठं आहे हे कळायला आधी ते पुस्तक आहे हे कळायला हवं होतं. गुरुजी आलेख बंद करून देवापुढं बसत आणि मंत्र म्हणताना मध्येच थांबत.

पुन्हा व्हिडिओ पाहिला. 'लोक काय शोधतात ते बघा आणि तेच टाका', असं तो मुलगा सांगत होता. गुरुजींनी शोधपेटीत नुसतं 'लातूर' लिहिलं. पुढचा शब्द संकेतस्थळानंच आपणहून सुचवला: पॅटर्न, म्हणजे मार्कं मिळवून देणाऱ्या त्याच शिकवण्या. ज्या शब्दानं त्यांना आयुष्यभर ताटाच्या कडेला काढून ठेवलं, तोच दारात उभा राहिला होता. गुरुजींनी बराच वेळ स्वतःशी वाद घातला. पुस्तक लातूरचं आहे, शाळेचं आहे, मग खोटं काय त्यात? 'ग्रामजीवन' काढलं आणि तिथं 'लातूर पॅटर्न' बसवलं.

आणि रेघ हलली! एका आठवड्यात दहा-बारा प्रती गेल्या. गुरुजींनी शिवकांताच्या मेसमधून गुलाबजाम आणवले आणि प्रमोदिनीबाईंच्या फोटोपुढं ठेवले. कुणाला सांगावं म्हणून बाहेर आले, तर गल्लीत पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं धावत होती. कुणालाच थांबवता आलं नाही. गुलाबजाम त्यांनी एकट्यानंच खाल्ले.

मग अभिप्राय यायला लागले. पहिला एक तारा: 'एकही प्रश्नसंच नाही.' दुसराही एक तारा: 'मुलीसाठी घेतलं. सूत्रं नाहीत, तक्ते नाहीत, नुसत्या म्हातारीच्या गोष्टी.' तिसरा एकाच शब्दाचा होता: 'फसवणूक.'

त्या शब्दात शुद्धलेखनाची काही चूक नव्हती. गुरुजींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. चतुराबाईच्या नावावर आपण लोकांना फसवलं, ही गोष्ट त्यांना इतकी लागली की त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. 'लातूर पॅटर्न' त्यांनी काढून टाकलं. रेघ पुन्हा तळाला जाऊन बसली. त्या रविवारी यज्ञेशनं विचारलं, "आवाज असा का येतोय, बाबा?" गुरुजी म्हणाले, "हवा बदललीय." यज्ञेश म्हणाला, "बरं."

डिसेंबर आला. एका सकाळी गुरुजी फिरून येत होते, तर शिवकांता मेसच्या दाराला फळा टांगत होती. वर लिहिलं होतं: 'परवा येळवशीनिमीत मेस बंद राहिल.'

आता येळवस म्हणजे वेळा अमावस्याच. औशाकडं, निलंग्याकडं, सगळ्या लातूर जिल्ह्यात अमावस्या-बिमावस्या कुणी म्हणत नाही. लोक आपले येळवस म्हणतात. गुरुजी लिंबवाडीत इतकी वर्षं राहिले, पण हा शब्द त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. पोरांच्या निबंधांत आला की ते त्यावर तांबडी रेघ मारत आणि वर 'वेळा अमावस्या' लिहीत. शिवकांता आत वळल्याबरोबर त्यांनी खिशातला खडू काढला, फळा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'परवा दर्श वेळा अमावस्येनिमित्त भोजनगृह बंद राहील.'

लिहून हात झटकतात तोच शेषेराव दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला. तो औसा रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज दूध घालायला यायचा. त्यानं फळा वाचला, ओठ हलवत पुन्हा वाचला आणि आत डोकावून ओरडला, "शिवकांताबाई, कसली हो ही सुट्टी? आन् मंग येळवशीला चालू हाय का मेस?"

"आवो बंद हाय की! फळा दिसंना का तुमाला?"

"फळ्यावर दुसरंच कायतरी हाय. येळवशीचं न्हाई त्यात कुठं."

शिवकांता बाहेर आली. तिनं फळा बघितला, मग गुरुजींच्या बोटांना लागलेला खडू बघितला. ती गुरुजींचा मान राखणारी बाई. हसू दाबत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. लई झ्याक अक्षर हाय तुमचं." आणि फळा तसाच ठेवून कपाटातून नवा पुठ्ठा आणायला गेली.

गुरुजी तिथंच थांबले. बायकापोरांना घेऊन, परवा पहाटे डोक्यावर भज्जीचं पातेलं घेऊन रानात जाणारा हा शेषेराव. त्याचाच सण फळ्यावर लिहिलेला, आणि त्याला तो ओळखू आला नाही. का, तर आपण तो शुद्ध केला होता. आणि लिंबवाडीची पोरगी? तिनं कधी मोबाइलमध्ये 'दर्श वेळा अमावस्या' लिहिलं असतं? तिला तो शब्द कुणी शिकवलाच नव्हता. मामाच्या घरी, पुण्याच्या कुठल्यातरी खोलीत, या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर भज्जीचे फोटो येत असतील आणि तिला जायला रान नसेल, तर ती काय लिहील? जे तिची आजी बोलायची तेच लिहील.

गुरुजी घरी आले ते चपला न काढता मोबाइल घेऊन बसले. सातव्या रकान्यातला शब्द पुसला. 'ये' लिहिलं. 'ळ' लिहिलं. बोट पुढं जाईना. आयुष्यभर ज्यावर रेघ मारली तो शब्द आपल्याच पुस्तकाला लावायचा, म्हणजे त्या सगळ्या तांबड्या रेघांचं काय करायचं? शेवटी त्यांनी डोळे मिटल्यासारखं करून 'वस' लिहिलं. बदल दिसायला तीन दिवस लागू शकतील, अशी सूचना आली. येळवस परवावर होती. आज चुकलं तर एक वर्ष. आणि त्यांच्या वयाच्या माणसानं वर्षाचा भरवसा काय धरावा?

येळवशीच्या दिवशी लातूर कधी बघितलं नसेल तर एकदा बघावं. एरवी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. त्या दिवशी दुकानांची शटरं ओढलेली, रिक्षा नाहीत, भाजीवाल्या नाहीत. असेल त्या वाहनानं जो तो रानाला लागलेला. उरतात ती फक्त बाहेरगावची शिकायला आलेली पोरं. ती बिचारी बिस्किटाचे पुडे घेऊन पायऱ्यांवर बसतात आणि घरी फोन करून 'इथं आज काय आहे कुणास ठाऊक' म्हणतात. गुरुजींना शेषेराव आग्रह करून गेला होता, शिवकांतानंही "चला की वो रानात" म्हणून दोनदा विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. त्यांना मोबाइलपाशी थांबायचं होतं.

ते दिवसभर थांबले. शोधपेटीत 'येळवस' लिहून बघत. सकाळी काही आलं नाही. दुपारी काही आलं नाही. चुलीवर खिचडी टाकली ती लागली. चार वाजता पुन्हा लिहिलं, आणि पत्र्याचं चित्र असलेलं त्यांचं मुखपृष्ठ पडद्यावर आलं. एकटंच. त्या शब्दाचं दुसरं पुस्तकच तिथं नव्हतं. गुरुजी खुर्चीतून उठले आणि रिकाम्या गल्लीत जाऊन उभे राहिले. "लागलं," ते मोठ्यानं म्हणाले. समोरच्या पायरीवरच्या मुलीनं कानातला इअरफोन काढून "काही म्हणालात का, अंकल?" विचारलं. "नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी लोक रानातून परतले, गल्लीत पुन्हा गलका झाला, पण आलेख काही हलला नाही. गुरुजी जेवले नाहीत. अर्धा दिवस तरी शब्द तिथं होता, तिनं लिहिला असता तर सापडलं असतं. म्हणजे तिनं लिहिला नाही. किंवा ती विसरली. किंवा तीही गेली. असले विचार करत त्यांनी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर, सवयीनं, देवपूजेच्या आधी त्यांनी आलेख उघडला. रेघ एका जागी वर उचलली होती. एक प्रत. आणि पुस्तकाच्या पानावर जुन्या तीन अभिप्रायांच्या वर नवा अभिप्राय होता. लिहिणाऱ्यानं नाव दिलं नव्हतं, पण मजकूर बराच होता. गुरुजींनी चष्मा पुसला, हात पुसले आणि देवाच्या पाटावरच बसून वाचायला लागले.

'हे सगळं खरं आहे. मी तिथं होतो.'

गुरुजी तिथंच अडले. 'होतो.' शिल्पा असती तर 'होते' लिहिलं असतं. शेवटच्या एका कान्यानं त्यांची आशा संपली. पोरगी नव्हे. गावातला कुणीतरी असेल, चला, तेही काही कमी नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि पुढं वाचलं.

'आज सगळ्यांच्या स्टेटसवर येळवस बघितली. ईथं बर्फ पडतोय. कुणाला सांगणार, म्हणुन नुसतंच शोधत होतो. पत्र्याची कोप मला आठवते. चतुराबाईनी मला दोन उंडे जास्त दिले होते, कारण माझी आई नांदेडला होती. पण पुस्तकात एक गोष्ट राहिली. पाऊस आला कि पत्र्याखाली ऐकू यायचं नाही, तेव्हा आम्ही पाटिवर लिहून बोलायचो. मला आयुष्यात कुणाशी तेवढं बोलता आलं नाही. माझी पाटी फुटकी होती, तरी चालायची. आणि पान ७१ वर आंबिलीचं मडकं धरलेला एक मुलगा आहे. तो मी आहे. वाचायला वेळ लागला, पण सगळं वाचलं. शिल्पाचं नाव आहे. सगळ्यांची नावं आहेत. माझं का नाही हो, बाबा?'

देवापुढचं निरांजन तसंच राहिलं. मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. गुरुजींना त्या सगळ्या दिसल्या आणि त्यांचा हात खिशाकडं गेला नाही. ज्या पोरीसाठी त्यांनी एवढा शब्दांचा खटाटोप केला ती कुठं होती कुणास ठाऊक. आणि ज्याला ते दर रविवारी 'बरं' म्हणून फोन ठेवत होते, तो त्याच शब्दाच्या दारातून आत आला होता. त्यांनी लिहिलेल्या त्या वाक्याची, 'एका मुलाने' या दोन शब्दांची, त्यांना इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांच्या दुःखात आपली टिमकी नको म्हणता म्हणता त्यांनी आपलं पोरगंच खोडून टाकलं होतं.

रविवार नव्हता. तरी त्यांनी फोन लावला. कॅलगरीत आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. तिकडं अजून येळवसच चालू होती.

"बाबा?" यज्ञेश घाबरून म्हणाला. "बरं आहे ना सगळं?"

गुरुजींना पुष्कळ बोलायचं होतं. तुझं नाव लिहितो म्हणायचं होतं, पुढच्या येळवशीला ये म्हणायचं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. जन्मभर एकच काम येत होतं, तेच त्यांनी केलं.

"पाटी फुटकी नव्हती रे," ते म्हणाले. "कोपरा उडाला होता नुसता. उजवीकडचा."

गुरुजी फोन कानाला घट्ट धरून थांबले.

"डावीकडचा, बाबा," यज्ञेश म्हणाला.